नको म्हणणाऱ्याचं काम

रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून या घरातली भांडणं रविवारी होतात. एरवी आठवडाभर पट्ट्या विणणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं धड ऐकू येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच हे घर इतकी वर्षं एकत्र टिकलं. त्या रविवारी दुपारी मात्र खालची शेड चिडीचूप होती आणि नमुन्यांच्या खोलीत सगळे येऊन बसले होते.

मधली सर्वांत शेवटी आली. जिना चढताना ती मध्येच थांबली, पुन्हा चढू लागली. वर जाऊन काय बोलायचं ते तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि काठोकाठ भरलेलं भांडं नेताना माणूस चालतं तशी ती ते ठरलेलं सांभाळत चालली होती.

खोली नेहमीचीच होती. पुठ्ठ्यांवर शिवलेल्या चेन भिंतीभर टांगलेल्या. दप्तरांच्या, पँटींच्या, बुटांच्या, गाद्यांच्या खोळींच्या, पितळी दातांच्या, प्लॅस्टिकच्या दातांच्या. मधोमध पट्ट्या कापायचं लांब टेबल. टेबलाच्या टोकाला आई, कानातलं यंत्र काढून रुमालाने पुसत होती. दादा समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसला होता. धाकटा खिडकीशी उभा होता. अप्पांच्या खुर्चीवर वहिनी होत्या. अप्पा गेल्यापासून ती खुर्ची त्यांचीच, कारण खुर्चीची पाठ चांगली आणि वहिनींची कंबर वाईट. मत द्यायचा हक्क मात्र त्या खुर्चीबरोबर त्यांना मिळाला नव्हता. सुनांना मत नाही, हा अप्पांचा नियम. कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार वहिनी बघत, मालाचा दर्जा वहिनी बघत, शेडमधल्या बायकांची लग्नं आणि बाळंतपणं वहिनी बघत, आणि मत द्यायची वेळ आली की खिडकीतून बाहेर बघत.

"या वन्सं," त्या म्हणाल्या. "चहा थंड झालाय. दुसरा करू?"

"नको. चालेल हाच."

"उद्या सकाळी उत्तर द्यायचंय," वहिनी सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "जॅकेटवाल्यांना आणि बॅगवाल्यांना, दोघांनाही. ज्यांचा तिकडे कारखाना चालू आहे त्यांच्याकडून एकही चेन घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलंय. आपण तिकडचा कारखाना बंद करणार, हो की नाही, तेवढंच विचारलंय."

आईने कानातलं यंत्र बसवलं. "आणि बाकीच्या मोठमोठ्या कंपन्या? त्यांनी काय केलं?"

धाकटा खिडकीशी उभ्याउभ्याच बोलला. विक्री त्याच्याकडे, त्यामुळे जगाची खबरबात त्याच्याकडे. "गाड्यांवाले निघाले, आई. बूटवाल्यांनी दुकानांना कुलपं लावली, पण भाडं भरतायत. म्हणजे परत यायचा विचार आहे. कॉफीवाल्यांनी पाटी काढली, कॉफी तीच, यंत्रं तीच, फक्त मालक तिथला. साबणवाले म्हणतात, साबण गरजेची वस्तू आहे, आम्ही जाऊ शकत नाही."

"आंघोळ काय, सगळ्यांनाच लागते," आई म्हणाली.

कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. त्या देशाने शेजाऱ्यावर सैन्य घातल्यापासून या घरात तोच विषय होता, जेवताना तोच, झोपताना तोच, आणि एकच विषय सारखा चघळून सगळ्यांचे जबडे दुखायला लागले होते.

"आपल्याकडे तर कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं," दादा म्हणाला. "चेनवाल्यांना कोण विचारतो?"

"लांब चेन नसती तर अजूनही विचारलं नसतं," धाकटा म्हणाला, आणि गप्प झाला, कारण त्या लांब चेनची ऑर्डर त्यानेच घेतली होती.

ती ऑर्डर आली तेव्हा याच खोलीत सगळे खूश झाले होते. पुरुषभर उंचीची, जाड दातांची चेन, आणि मागणी एवढी की तिकडच्या कारखान्याला रात्रपाळी लावावी लागली. तंबूंसाठी असणार, असं सगळ्यांनी धरून चालवलं. एकच गोष्ट जरा वेगळी होती. तंबूच्या चेनला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून ओढायची सोय लागते. यांना ती फक्त बाहेरून हवी होती. तेवढं काम कमी, म्हणून धाकट्याने भाव थोडा उतरवून दिला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. चेनचा धंदा करणाऱ्या माणसांनीच अशी चूक करावी. दात मोजले, पट्टीची वीण तपासली, लांबी तपासली, आणि ही चेन कशाला लावणार हे कुणीच विचारलं नाही. मग एक दिवस तिकडून मधलीच्या जावयाने फोनवर अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, "आई, ही पिशव्यांना लावतात. याच्या आत जो असतो, त्याला उघडायची गरज नसते."

त्यानंतर ऑर्डर सोडून द्यावी, असं सगळ्यांच्या मनात आलं होतं. घोडं अडलं ते तिथेच. ती ऑर्डर होती म्हणून कारखाना तिथल्या सरकारच्या लेखी गरजेचा होता, आणि गरजेच्या कारखान्यातल्या पुरुषांना फौजेत बोलावत नव्हते. साच्यांच्या विभागाचा प्रमुख मधलीचा जावई होता, तिथलाच नागरिक. लांब चेन थांबली की त्याच्या दाराशी बोलावणं येणार, यात कुणालाच शंका नव्हती. मग ती चेन कारखाना सोडून गेल्यामुळे थांबो, नाहीतर कारखाना ठेवून.

"म्हणजे मधला मार्ग नाही," दादा म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मी सगळीकडून बघितलं. राहायचं म्हणजे लांब चेन करत राहायचं. आणि मग इथली निम्मी शेड बंद. मला मत नाही, मी आपलं फक्त सांगते. खाली ज्या बायका दात बसवतात त्यांच्यातल्या कितीजणींच्या घरी दुसरं कुणी कमावत नाही, ते मला तोंडपाठ आहे. उद्या 'राहिलो' असं कळवलं की परवा मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय."

बोलताना त्यांनी मधलीकडे बघितलं नाही. या दोघींचं गूळपीठ घरात प्रसिद्ध होतं. मधली तिकडे होती तेव्हा तिच्या प्रत्येक आजारपणात वहिनी धावल्या होत्या, नवरा गेल्यावर महिनाभर जाऊन राहिल्या होत्या. आज त्या नजर चुकवत होत्या आणि मधलीला त्याचा रागही येत नव्हता. राग यायला अंगात जोर लागतो.

"मग सुरू करा," आई म्हणाली. "नियमाप्रमाणे."

मत तिघा भावंडांचंच, आणि नियम दोन होते. पहिला, सर्वांत धाकट्याने आधी बोलायचं आणि थोरल्याने शेवटी, म्हणजे थोरल्याच्या तोंडाकडे बघून कुणी बोलणार नाही. दुसरा नियम अप्पांचा लाडका. ज्याचं म्हणणं हरेल, त्यानेच ठरलेलं काम पार पाडायचं. हो म्हणणारा हुरळून जातो, नको म्हणणारा डोळ्यांत तेल घालून करतो, असं अप्पांचं म्हणणं. प्लॅस्टिकचे दात नकोत म्हणून दादा कडाकडा भांडला होता, आणि प्लॅस्टिकची शेड आजतागायत दादाच चालवत होता. परदेशात कारखाना नको म्हणून मधली भांडली होती. तेव्हा तिचं नवीन लग्न झालेलं. दोन्ही भाऊ हो म्हणाले, आणि मधली नवऱ्याला घेऊन तिकडे गेली, बर्फातून यंत्रं उतरवून घेतली, तिथली भाषा शिकली, तिथेच आई झाली, तिथेच विधवा झाली. "आई नको म्हणाली म्हणून मी इथे जन्मले," हे तिची लेक लहानपणी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

तर आजचा हिशेब मधलीने असा मांडला होता: धाकटा 'निघायचं' म्हणणार. गेले कित्येक आठवडे तो त्याशिवाय दुसरं काही बोललाच नव्हता. दादाचा जीव तिकडच्या कारखान्यात अडकलेला असला तरी वहिनींपुढे तो वाकणार, तोही 'निघायचं' म्हणणार. मधोमध आपण 'राहायचं' म्हणायचं. आपलं म्हणणं हरणार. मग नियमाप्रमाणे आपणच तिकडे जायचं, कुलूप लावायचं, आणि लेकीला सांगायचं की तुझी आई तुझ्याच बाजूने उभी होती. मत लेकीच्या पदरात, निकाल भावांच्या माथी. यात थोडी लबाडी आहे, हे तिला कळत होतं. पण आईने एवढी लबाडी करायची नाही तर कुणी करायची?

"बोल रे," आई धाकट्याला म्हणाली.

धाकटा खिडकीपासून टेबलाशी आला. खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"राहायचं," तो म्हणाला.

वहिनींनी कप खाली ठेवला. दादाने मान वर केली.

"काय म्हणालास?"

"राहायचं म्हणालो, दादा. ऐकू आलंय तुला."

"अरे, कालपर्यंत तू..."

"कालपर्यंत काय म्हणत होतो ते मला माहितीये." त्याने बहिणीकडे बघितलं. "ताई, काल तिचा फोन आला होता मला. तुझ्या लेकीचा. 'मामा, काय चाललंय तिकडे, तब्येत कशी आहे,' असलं सगळं विचारत होती. युद्धाचं एक अक्षर नाही. उलट हसत होती. तुला माहितीये ना, ही पोरगी घाबरली की हसते. लहानपणी दात पाडायला नेली तेव्हाही अशीच हसत होती. रडली असती तर मी समजूत घातली असती गं. हसणाऱ्याची समजूत कशी घालायची?"

"म्हणून निम्मी शेड बंद?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणून, हो. मला तुम्ही काहीही म्हणा."

"मी काय म्हणणार? मला मतच नाही."

आईने हात वर केला तसे सगळे गप्प झाले. "आता मधली," ती म्हणाली.

मधलीने तोंड उघडलं. शब्द तयार होता. कित्येक रात्री घोटून ठेवलेला, जिन्यावरून जपून आणलेला. राहायचं. एवढंच म्हणायचं होतं, आणि आता तर ते म्हटल्याने काम फत्ते होणार होतं. तिघांतले दोघे झाले की दादाचं मत असलं काय, नसलं काय. जावई घरी राहिला असता. लेक खरीखुरी हसली असती.

आणि तिथेच तिची जीभ अडखळली. हरणार म्हणून जो शब्द तिने जमवला होता, तो जिंकणार म्हटल्यावर तिच्याने उचलवेना. आता तो नुसता लेकीसाठी काढलेला शब्द राहिला नव्हता, ती खरोखरची ऑर्डर होती. आपण 'राहायचं' म्हटलं की आज रात्री तिकडे यंत्र सुरू होणार, उद्या रात्री होणार, आणि त्या चेनच्या आत रोज कुणाची तरी मुलं, कुणाचे तरी जावई जाणार. चेन केली नाही म्हणून ते जगणार होते असं नाही. पण ज्या सैन्याला इतक्या चेन लागतात हे आधीच ठाऊक आहे आणि तरी जे पुढेच चाललंय, त्याच्या मागे बसून आपण दात बसवायचे? तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. आयुष्यात एकदा या खोलीत 'नको' म्हटलं त्याची किंमत अजून फिटली नव्हती.

"बोल, बाळ," आई म्हणाली. आई तिला बाळ म्हणाली याला युगं लोटली होती.

"निघायचं," मधली म्हणाली.

धाकटा मटकन खुर्चीत बसला. "ताई! अगं, मी तुझ्यासाठी..."

"माहितीये मला."

"मग? मला तोंडघशी पाडलंस की!"

"तू माझ्यासाठी म्हणालास. ते मला झेपत नाहीये रे. दुसरं काही नाही."

वहिनींनी आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टेबलावरून हात लांबवून त्यांनी मधलीच्या हातावर ठेवला. "वन्सं," त्या म्हणाल्या.

राहिला दादा. दादा बोलायला नेहमीच वेळ घेतो. लहानपणी त्याला लोक मंद समजत. त्याने समोरचं पाणी पिऊन टाकलं, ग्लास उपडा ठेवला. वहिनी निश्चिंत होत्या. रात्री नवऱ्याने त्यांना शब्द दिला होता, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"मधले," दादा म्हणाला, "तुला तिकडे पाठवलं तेव्हा मी हो म्हणालो होतो. आठवतंय?"

"आठवतंय."

"तू नको म्हणत होतीस. धाकटा तेव्हा पोर होता, त्याला काय कळत होतं? खरं मत माझंच. अप्पांना बरं वाटावं म्हणून दिलेलं. तू स्टेशनवर रडलीस आणि मी तुला म्हणालो, दोन वर्षांत परत येशील." तो थांबला. "मी आणखी एकदा तुझ्याविरुद्ध हो म्हणणार आहे. राहायचं."

वहिनींचा हात मधलीच्या हातावरून उचलला गेला.

"अहो," त्या म्हणाल्या. "रात्री काय बोलला होतात तुम्ही?"

"बोललो होतो. खोटं नव्हतो बोललो. पण ती 'राहा' म्हणेल असं धरून बोललो होतो. ती म्हणाली असती तर मी निघायचं म्हणून मोकळा झालो असतो. आता ती स्वतःच पोरीच्या नवऱ्याला सोडायला निघालीये, आणि मी माना डोलवायच्या? मला नाही जमत."

"आणि माझ्या बायका?"

दादाने उपडा ग्लास सुलटा केला.

आणि मधलीला, खोटं कशाला बोलायचं, हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं. जावई घरी राहणार. लगोलग त्या हायसं वाटण्याची अशी काही लाज वाटली की तिला मान वर करवेना. आईची नजर आपल्यावर आहे हे तिला न बघताही कळत होतं. कानाने अधू झाल्यापासून आई माणसांची तोंडं वाचायला शिकली होती.

"थोरला काय म्हणणार, ते तुला ठाऊक होतं का गं?" आईने विचारलं.

"नाही, आई."

"नक्की?"

मधलीने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली.

वहिनी उठल्या. कप गोळा करायला लागल्या, एकात एक घालून. "तुमचं बरं झालं, वन्सं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "जावई वाचला आणि नको म्हणण्याचं पुण्यही पदरात पडलं. पाप सगळं भावांच्या वाट्याला. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, म्हणून मला बोलताही येत नाही."

"वहिनी, मी मुद्दाम..."

"नसेल केलं मुद्दाम. पण शेडमधल्या बायकांना काय सांगू, तेवढं सांगा मला. नाहीतर राहू दे. माझं मी बघते. नेहमी मीच बघते."

त्या कप घेऊन खाली गेल्या. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला. कंबर दुखत असली की त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकतात. दादा त्यांच्यामागे जायला उठला, दाराशी घुटमळला आणि परत येऊन बसला.

"म्हणजे आता नियमाप्रमाणे..." धाकटा म्हणाला.

"हो," मधली म्हणाली. "मी जाते."

"ताई, या वेळेला राहू दे ना तो नियम. मी जातो. तिकडे विमानंसुद्धा धड जात नाहीत. आणि तुला ते... ते रोज बघावं लागेल."

"नियम आहे."

"अप्पा गेले गं आता!"

"म्हणून काय झालं? दादा अजून प्लॅस्टिक चालवतोच ना?"

दादा किंचित हसला. आईने कानातलं यंत्र काढून हातात घेतलं, म्हणजे तिच्या लेखी सभा संपली. या यंत्राचा तिला आतापर्यंत झालेला सर्वांत मोठा उपयोग तो होता.

मधली फोन घेऊन बाहेरच्या गच्चीत गेली. तिकडे लेक वाट बघत असणार. आज ठरणार हे तिला माहीत होतं, आणि पहिली घंटा पुरी वाजायच्या आधी तिने फोन उचलला.

"आई?"

"राहायचं ठरलं," मधली म्हणाली.

पलीकडून एक लांब श्वास आला, आणि मग लेक रडायला लागली. मोठ्याने, नाक ओढत, लहान मुलीसारखी. इतक्या महिन्यांत ती आईजवळ रडली नव्हती. मधली गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत राहिली आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "मी याला सांगत होते, आई आहे तिथे, आई काही होऊ देणार नाही. हा म्हणत होता, त्यांना आपल्यामुळे अवघड जागी नको बसवायला. मी म्हटलं, माझी आई आहे ती! थांब, त्याला सांगते... नाही, थांब, आधी तूच सांग. मामा कसे तयार झाले? धाकटा मामा तर किती ओरडत होता."

"झाला तयार."

"आणि इकडचं कोण बघणार आता? मामा येतोय का?"

मधलीने डोळे पुसले. खाली शेडच्या दाराशी वहिनी एकट्याच उभ्या होत्या, पाठमोऱ्या.

एक लहानसं खोटं सांगता आलं असतं. मामाला जमत नाही म्हणून मी येते, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण लेक या घरची होती.

"मी येतेय," मधली म्हणाली.

"तू?" लेकीचा आवाज आनंदाने वर गेला. "खरंच? आई, तू इथे..."

आणि मध्येच थांबला. लेकीचं रडणं थांबलं, नाक ओढणं थांबलं. तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मधलीला ऐकू यायला लागला. पोरगी विचार करत होती, आणि ती कुठवर पोहोचली असेल हे मधलीला एकेका क्षणाने कळत होतं.

"तू नको म्हणालीस," लेक म्हणाली.

"हो."

"त्याला जाऊ दे म्हणालीस."

"तसं नाही गं, राणी. मी..."

"मामा राहा म्हणाले, आणि तू नको म्हणालीस."

"हो," मधली पुन्हा म्हणाली.

मग लेक हसली. अगदी छान, मोकळं हसली, बाहेरच्या माणसाशी बोलताना हसतात तशी.

"ये की मग," ती म्हणाली. "कारखान्याच्या गेस्टहाउसवर खोली तयार ठेवायला सांगते. तिथेच उतर. आमच्या घरी जरा अडचण आहे."

"बरं," मधली म्हणाली.